पेठच्या सुवर्णाबाई भोये यांनी टेबल टेनिस सर केले त्याची हकीकत

समस्त खेळाडू, गैरखेळाडू व वसतिगृहवासी यांस जाहीर व्हावे की, नाशिक मुक्कामी एका महाविद्यालयात जे वर्तले तेच येथे लिहिले, पदरचे काही घातले नाही.

क्रीडाशिक्षक खंडेराव सर यांची वहिवाट ऐसी की, अर्जावर तालुका पाहावा आणि खेळ नेमावा. पेठ वा सुरगाणे दिसताच, आदिवासी लेकरू, डोंगरात वाढलेले, वाऱ्यासारखे धावणार, म्हणोन थेट धावण्याच्या फौजेत नामजाद करावे. त्या हुकुमान्वये सुवर्णाबाई, उमर वर्षे सतरा, पाच हजार मीटरच्या मोहिमेवर रवाना जाहल्या आणि सर्वांमागून पोहोचल्या, तेव्हां सरबतही संपले होते.

मग बाईंनी अर्ज गुजारला, “सर, मला पळाया नाय आवडत. टेबल टेनिस खेळायचंय.”

“अगं, पळणं तुमच्या रक्तात आहे!”

“आसंल सर, पन पायांत नाय उतरलं.”

बाईंचा जीव त्या पांढऱ्या चेंडूत, लोंबीत दूध भरावे तैसा, हळूहळू भरला होता. वसतिगृहात जेवणे आटोपताच दोन मेजे जोडावी आणि मध्ये पेल्यांची रांग मांडावी आणि वहीच्या पुठ्ठ्याने मारा करावा, ऐसी दोन वर्षे कसरत. त्यांनी खेळगृहाच्या दाराशी ठाण मांडिले. नवव्या दिवशी सरांनी कंटाळोन फर्माविले की, संघनायिका भाग्यश्रीताई यांसी सामना द्यावा. हरल्यास निमूट धावावे.

भाग्यश्रीताई मखमलाबादच्या, घरचा गुलाबाचा मळा, फटका जबर. म्हणाल्या, “ये गं, पेठ एक्स्प्रेस! दम लागला तर सांग.”

पहिला डाव ताईंचा, दुसरा बाईंचा. तिसऱ्यात बाई अकरा, ताई दहा, बाईंस जिंकावयास एकच गुण उणा, आणि चेंडू जाळ्यावर क्षणभर टेकला, पातीवर दव थांबावे तैसा, आणि ताईंच्या बाजूस ओघळला.

ताईंनी हात मिळविला. “इतके दिवस कुठं होतीस गं?”

“पळत होते ना!”

खंडेराव सर बहुत खूष जाहले आणि जागीच फर्मान काढिले की, पेठकरांचे मनगट उपजतच ऐसे, सबब पुढील साली त्या मुलखाची सारी मुले टेबल टेनिसला.

बाईंनी हातची बॅट मेजावर ठेविली. “मंग मी नाय खेळत, सर. आधी इचारा त्यांना.”

सरांनी फर्मान रद्द केले आणि बाईंचे नाव संघात घातले.

पुढील जूनमध्ये सुरगाण्याच्या तेजस्विनी गावित अर्ज घेऊन आल्या. सरांनी तालुका वाचिला, लेखणी उचलिली, आणि थांबोन पुसिले, “काय खेळशील, बाळ?”

“पळनार, सर.”

तेव्हां धावण्याच्या यादीत नाव लिहिले गेले; पूर्वी लिहीत तेच, परंतु विचारोन. फत्ते जाहली.