नौबादच्या गच्चीवरची जर्मनी

निंबर्ग्याच्या अंकुशरावांचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता. जगातलं कुठलंही काम मुहूर्तावर सुरू केलं की अडत नाही म्हणजे नाही! ट्रॅक्टर आणला तो मुहूर्तावर, बोअर मारली ती मुहूर्तावर, आणि घरातल्या नव्या मिक्सरचं बटणसुद्धा त्यांनी पंचांग उघडून, घड्याळाकडे बघत, स्वतःच्या हातानं दाबलं होतं. बोअरला पाणी लागलं नाही ही गोष्ट खरी, पण त्यात मुहूर्ताचा काय दोष? पाणीच नव्हतं! तेव्हा लेक जर्मनीला निघाली म्हटल्यावर ती विमानवाल्यांच्या सोयीनं निघेल, हे शक्यच नव्हतं.

लेक म्हणजे शिवकन्या. कलबुर्गीला अन्नप्रक्रियेच्या इंजिनिअरिंगला, तिसऱ्या वर्षाला. तिच्या कॉलेजचा जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार होता. तिकडची दोन पोरं सहा महिने इकडं यायची, इकडची दोन तिकडं जायची. त्यासाठी परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि अख्ख्या कॉलेजातून शिवकन्येचं नाव पहिलं लागलं. अंकुशरावांनी तो कागद लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी टांगला आणि लगेच पंचांग काढलं.

"अप्पा, व्हिसा अजून आला न्हाई. पासपोर्ट त्यांच्याकडंच हाय. जरा थांबा की!" शिवकन्या म्हणाली.

"व्हिसा काय, येतोच! सोमवारी सकाळी नऊ बावीस. असा मुहूर्त पुन्हा दोन महिने न्हाई. आणि जर्मनी कुठं हाय? पश्चिमेला. सोमवारी पश्चिम मोकळी. आता बोल!"

शेवटी कमलबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, एक तोडगा काढला. आपल्याकडं जुनी रीत आहे. मुहूर्ताला निघता आलं नाही, तर सामानातली एखादी वस्तू वाटेवरच्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. तिला प्रस्थान ठेवणं म्हणतात. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला, मग माणूस सवडीनं गेला तरी चालतं.

"पोरीची एक बॅग नेऊन ठेवा हैदराबादच्या वाटंवर, नौबादला तुमच्या बहिणीकडं, मल्लेश्वरीकडं. मुहूर्त साधतोय," कमलबाई म्हणाल्या.

"बॅगेपुढं बँड लावू का?" अंकुशराव गरजले. बँड तोवर ठरला होता.

सोमवारी मारुतीच्या पारासमोर निरोपाचा जंगी कार्यक्रम झाला. फ्लेक्सवर एक विमान होतं, विमानाच्या खिडकीत शिवकन्या होती आणि विमानाहून मोठे अंकुशराव होते. हार झाले, शाली झाल्या, तळहातावर दही-साखर पडली. शिवकन्या व्हिसाचं काहीतरी सांगत होती, पण बँडपुढं कुणाला ऐकू जाणार? आणि अशा रंगात आलेल्या कार्यक्रमात अंकुशरावांचा चुलतभाऊ धनराज माइक घेऊन उभा राहिला.

"अण्णा, राग मानू नका," धनराज म्हणाला. "पण ही परदेशाची भानगड मला खरी वाटत न्हाई. समदा एजंटांचा खेळ! पोरी हितून जायलाव म्हणत्यात अन् मुंबई बघून परत येत्यात. माझी अंजू म्हणायलीय, मला बी कलबुर्गीच्या कॉलेजात घाला. आता समद्यांम्होरं सांगतो. शिवकन्या खरंच तिकडच्या वर्गात जाऊन बसली, तर अंजूचं नाव घालतो. न्हाई तर बारावी बास झाली. दिवाळीच्या आत पोरीचं उरकून टाकतो!"

खाली बायकांत बसलेल्या अंजूनं शिवकन्येकडं बघितलं. बारावीला ब्याऐंशी टक्के मिळवलेली पोरगी, पण त्या घडीला तिचा चेहरा नापास झाल्यासारखा झाला होता. अंकुशरावांनी माइक हिसकावून घेतला.

"घे लिहून! आठ दिवसांत माझी पोरगी वर्गात बसलेली दिसंल!"

टाळ्या पडल्या, बँड वाजला आणि बरोबर नऊ बावीसला जीप हलली. दुपारी शिवकन्या नौबादला मल्लेश्वरीआत्याच्या दारात उतरली. तिथून पुढं हैदराबाद आणि हैदराबादहून विमान, असा बेत होता. संध्याकाळी विद्यापीठाची ईमेल आली. व्हिसाला अजून तीन आठवडे लागतील, तोवर वर्गाला ऑनलाइन हजर राहावे!

म्हणजे बॅगेऐवजी पोरगीच प्रस्थान म्हणून ठेवली गेली होती.

"परत आणा तिला, अन् खरं काय ते सांगा," कमलबाई म्हणाल्या.

"सांगू? धनराजला? अंजूचं काय होईल मग?" अंकुशराव म्हणाले. अंजूची काळजी त्यांना खरोखर होती. स्वतःच्या नाकाचीही होती, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

तिसऱ्या दिवशी धनराजनं विचारलं, "पोचली का?"

"पोचली!" अंकुशराव म्हणाले. एका शब्दाचं खोटं, पण ते पेलायला पुढं सगळं घर लागलं.

"मग व्हिडिओ कॉल लावा की! अंजूला बी बघू द्या."

झालं! एप्रिल महिना, बेचाळीस डिग्री ऊन, आणि नौबादच्या गच्चीवर शिवकन्या स्वेटर, मफलर, कानटोपी घालून उभी! मागं दोरीवर आत्यानं पांढरी चादर ताणली होती. इकडं धनराजच्या ओसरीवर धनराज, त्याची बायको सुमनबाई, अंजू आणि गल्लीतली वीसेक माणसं एका मोबाईलवर वाकलेली. अंकुशराव मधोमध बसले होते.

"पोरी, घाम कामून यायलाय गं इतका?" सुमनबाईंनी विचारलं.

"हीटर लावलाय, काकी! लई मोठा हीटर हाय हितं!"

तेवढ्यात वारा आला आणि चादर उडाली. मागं प्लास्टिकच्या कागदावर आत्याचे सांडगे वाळत होते आणि त्यांच्या पलीकडं पाण्याची काळी टाकी होती.

"ते सांडगे न्हाईत व्हय?" धनराज डोळे बारीक करून म्हणाला.

"अन्नप्रक्रिया शिकायलीय ती!" अंकुशराव ओरडले. "सांडगे न्हाई तर काय इटा वाळवंल?"

"अन् ती टाकी?"

"तिकडची माणसं पाणी पीत न्हाईत का?"

एवढ्यात गच्चीखालून एक दणदणीत आवाज आला, "कांदेऽऽ बटाटेऽऽ!" आणि अंकुशरावांनी अंगठा दाबून कॉल तोडला. "नेटवर्क गेलं. तिकडं बी असंच अस्तंय," असं सांगून ते चहा न पिताच उठले. धनराज त्यांच्या पाठमोऱ्या धोतराकडं बराच वेळ बघत बसला.

शेवटी मल्लेश्वरीआत्याच्या डोक्यातून उपाय निघाला. "अण्णा, गाणगापूरला पोरीला पाच घरची माधुकरी मागू द्या. अडकलेलं काम सुटतंय."

अंकुशरावांचा चेहरा खुलला. त्यांनी ताबडतोब पंचांग उघडलं आणि दिवस काढला. पौर्णिमा!

"पुनवंला?" कमलबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, पुनवंला समदा मुलूख तिथं अस्तोय!"

"समदा मुलूख अस्तोय म्हणूनच आपण कुणाला दिसणार न्हाई," अंकुशराव म्हणाले. ऐकायला हे बरोबर वाटत होतं.

गाणगापूरला दुपारी बारानंतर प्रत्यक्ष दत्तमहाराज भिक्षेला फिरतात, अशी श्रद्धा. कुठल्या रूपात फिरतील सांगता येत नाही, म्हणून निम्मे भाविक झोळी घेऊन माधुकरी मागतात आणि निम्मे टोपल्या भरून वाढतात. कोट्यधीश असो की कलेक्टर, झोळी पुढं करावीच लागते. शिवकन्येनं डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला ओढणी गुंडाळली होती. खांद्याला झोळी, आणि कानात मोबाईलच्या इअरफोनचं बटण. कारण साडेबाराला तिचा जर्मनीतला वर्ग सुरू व्हायचा होता. तिकडं तेव्हा सकाळचे नऊ!

अंकुशराव दहा पावलं मागून चालले होते. पहिलं घर झालं, दुसरं झालं, तिसरं, चौथं. पाचव्या घराला ती एका लॉजच्या पायरीशी गेली. तिथं एक बाई टोपलीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढत होती, शेजारी एक माणूस पळीनं पिठलं वाढत होता. बाईनं शिवकन्येच्या झोळीत भाकरी घातली. अंकुशरावांनी पुढं नजर टाकली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पळीवाला माणूस धनराज होता आणि भाकरीवाली सुमनबाई! अंजू पास झाली म्हणून सुमनबाईंनी बोललेला नवस फेडायला दोघं टेम्पोभर भाकऱ्या घेऊन आले होते.

खरं म्हणजे दोघांनीही तिला ओळखलंच नव्हतं. धनराज तर खाली मान घालून पिठलं वाढत होता. पाच सेकंदांत शिवकन्या पुढं सरकली असती आणि सगळं निभावलं असतं. पण अंकुशरावांना दम कुठला! ते गर्दीतून जिवाच्या आकांतानं ओरडले,

"शिवकन्या! मागं फिर! धनराज हाय!"

धनराजनं मान वर केली. ओढणी घसरली. पळीतलं पिठलं धनराजच्या स्वतःच्या पायावर पडलं, पण त्याला ते कळलंही नाही.

"शिवकन्या? अगं, तू तर जर्मनीत!" आणि मग त्याचं लक्ष झोळीकडं गेलं. "अरं देवा! पोरीवर भीक मागायची पाळी आणली की रं त्या एजंटांनी!"

सुमनबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "खा गं माझी बाई, आधी खा," म्हणत त्यांनी आणखी चार भाकऱ्या झोळीत कोंबल्या.

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अंकुशराव पुढं आले, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "धनराज, ती गेलीच न्हाई रं. व्हिसा आला न्हाई. मी खोटं बोललो. तिची काही चूक न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा अंकुशरावांना असं वाटलं, की आपण फ्लेक्सवर जरा लहान असतो तर बरं झालं असतं.

"म्हंजे मी म्हणत होतो तेच खरं," धनराज हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, पण शब्द म्हणजे शब्द. "मग अंजूचं..."

"काका, एक मिनिट! माझा नंबर आला!" शिवकन्या ओरडली.

तिनं कानातलं बटण काढून मोबाईल समोर धरला. पडद्यावर पंचवीस गोरे चेहरे आणि मधे चष्मेवाल्या प्रोफेसरबाई! त्या दिवशीचा धडा होता, औषधं न घालता भाकर-पाव टिकवायचा कसा. प्रत्येकानं आपापल्या देशातला नमुना दाखवायचा होता. शिवकन्येचा नमुना नौबादला आत्याच्या फडताळात राहिला होता. तिनं क्षणभर इकडंतिकडं बघितलं, झोळीत हात घातला आणि सुमनबाईंची कडक भाकरी वर धरली.

प्रोफेसरबाईंनी इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"ही किती दिवस टिकते म्हणून विचारायल्यात," शिवकन्या म्हणाली. "काकी, तुम्हीच सांगा!"

"मी?" सुमनबाईंनी आधी नवऱ्याकडं बघितलं. मग भाकरीकडं बघितलं आणि नवऱ्याला विसरल्या. "दोन महिने टिकतीय. पातळ थापायची, भाजून झाली की चुलीच्या कडंला उभी करायची. घाई करायची न्हाई. घाई केली की मधी ओल ऱ्हाती, मग बुरा येतोय."

शिवकन्या भराभर इंग्रजीत सांगत होती. तिकडं पंचवीस माना वह्यांवर वाकल्या. पुन्हा प्रश्न आला, आत किती ओल राहिली ते कुठल्या यंत्रावर मोजता?

"यंत्र कशाला? कान हाय की!" सुमनबाईंनी भाकरी मोबाईलजवळ धरली आणि मोडली. कडाक! "असा आवाज आला की ओल गेली."

तिकडं टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रोफेसरबाई हसत हसत आणखी काही विचारू लागल्या.

"पुढच्या आठवड्यात परत याल का विचारायल्यात. अन् तुमचं शिक्षण कुठवर झालं?"

"चौथी," सुमनबाई म्हणाल्या. हातातले भाकरीचे तुकडे त्यांनी टोपलीत ठेवले. मग पदर खोचून नवऱ्याकडं वळल्या. "मी चौथीवर थांबले. थांबवलं म्हणून थांबले. अंजू थांबायची न्हाई. उद्या सकाळी कलबुर्गीला चला, तिचं नाव घालायचंय."

"पण शिवकन्या तिकडच्या वर्गात बसली तर, असं ठरलं होतं..."

"अन् ही कुठं हाय मग? बगा की डोळं उघडून! वर्गातच हाय ती. मी बी जाऊन आले!"

धनराजनं मोबाईलकडं बघितलं. पंचवीस गोऱ्यांनी त्यालाही हात हलवून नमस्कार केला. त्यानं पळीसकट हात जोडले आणि हार मानली! अंकुशरावांनी त्याला तिथंच मिठी मारली. दोघांच्या शर्टांना पिठलं लागलं, पण त्या दिवशी ते कुणी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्याच दिवशी अंजूचं नाव कॉलेजात लागलं. बाराव्या दिवशी व्हिसा आला. शिवकन्या निघाली ती शनिवारी, ऐन राहुकाळात, बँड नाही की फ्लेक्स नाही. अंकुशराव तिच्यासोबत विमानतळापर्यंत गेले आणि वाटेत एकदाही पंचांग उघडलं नाही. कमलबाईंनी ते घरीच लपवून ठेवलं होतं.

सोमवारी पारावर सगळं गाव जमलं. व्हिडिओ कॉल लागला. शिवकन्या स्वेटर घालून एका चौकात उभी होती. मागून लाल ट्राम चालली होती, आणि तिकडंही अवकाळी म्हणतात तशी बर्फाची भुरभुर सुरू होती. अंकुशरावांची छाती दोन इंच फुगली.

सुमनबाईंनी निरखून बघितलं. "झ्याक जमलंय गं ह्या वक्ती! चादर कुठनं आणलीस?"

"काकी, खरंच आलेय मी! ही बगा ट्राम!"

"ट्राम ऱ्हाऊ दे," धनराज म्हणाला. "आधी टाकी दाखव!"

सगळा पार हसला. अंकुशरावांनी दत्ताची शपथ घेतली, तिकीट दाखवलं, पासपोर्टवरच्या शिक्क्याचा फोटो दाखवला. लोक हो हो म्हणत, एकमेकांना कोपरानं ढोसत घरी गेले. पार रिकामा झाला. अंकुशरावांनी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच नौबादला फोन लावला.

"मल्लू," ते दबक्या आवाजात म्हणाले, "पोरगी तुझ्या गच्चीवर तर न्हाई ना?"

"हाय की, अण्णा!" पलीकडून मल्लेश्वरी म्हणाली. "सांडगे राखायलीय!"