सातव्या मजल्यावरची इटली

शैलाताई रोज संध्याकाळी सहा वाजता नटूनथटून फिरायला निघायच्या, आणि आमच्या मजल्याच्या बाहेर कधीही जायच्या नाहीत.

रॉटरडॅममधली आमची इमारत जुन्या पद्धतीची आहे. प्रत्येक मजल्याला एक लांबलचक उघडी गॅलरी, गॅलरीत ओळीने दारं आणि प्रत्येक दाराशेजारी त्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी. लॉकडाऊन लागला आणि सगळं जग पायजम्यात गेलं. शैलाताई मात्र सहाला दार उघडायच्या. अंगात गर्द हिरवा कोट, गळ्यात रेशमी स्कार्फ, कानात मोती, पायात चकचकीत तपकिरी बूट. लिफ्टपासून शेवटच्या दारापर्यंत सावकाश जायचं, कठड्याशी थांबून खालचा रिकामा रस्ता बघायचा आणि परत यायचं. वाटेत प्रत्येक खिडकीत डोकावून मान लववायची.

मी त्यांच्या शेजारच्या घरात राहायचो. एकदा न राहवून म्हणालो, "ताई, बाहेर फिरायला बंदी नाहीये. नदीकाठी जा की."

"गेले होते. तिथं सगळे पळत असतात. पळणारा माणूस कुणाकडं बघत नाही. मग जायचं कशाला?"

इटलीत म्हणे संध्याकाळी माणसं व्यायामासाठी चालत नाहीत. दिवसातून एकदा आपण दुसऱ्याला दिसावं आणि दुसरा आपल्याला दिसावा, एवढ्यासाठी चालतात. त्याने प्रकृती ठणठणीत राहते, असं ताईंचं ठाम मत होतं.

ताई मूळच्या कोल्हापूरच्या. चपलांच्या गावची मुलगी बुटांचं डिझाइन शिकायला फ्लॉरेन्सला गेली आणि पंचवीसेक वर्षं तिथेच राहिली. मग इटालियन बूट मागवणाऱ्या एका कंपनीने त्यांना रॉटरडॅमला आणलं. आता त्या निवृत्त होत्या आणि एकट्या होत्या. एकट्या का, हे विचारायची आमच्या मजल्यावर कुणाची हिंमत नव्हती.

त्यांचा मुख्य शत्रू होता वारा. रॉटरडॅममध्ये राहून वाऱ्याशी वैर धरणं म्हणजे समुद्रात राहून पाण्याशी भांडण्यासारखं, पण ताई मागे हटायच्या नाहीत. जगातले निम्मे आजार मानेला वारा लागून होतात, हे त्यांना इटलीत कळलं होतं. उरलेले निम्मे ओल्या केसांनी बाहेर पडल्यामुळे होतात, हे त्यांच्या आईने कोल्हापुरातच सांगून ठेवलं होतं. आमच्या मजल्यावरचा वाउटर नावाचा सहा फुटी डच गडी भर जानेवारीत ओल्या केसांनी सायकल काढायचा. ताईंनी त्याला लिफ्टपाशी अडवून डचमध्ये झापलं. तो हसला. पुढच्या आठवड्यात त्याची मान अशी धरली की लिफ्टचं बटण दाबायलाही त्याला अख्खं अंग वळवावं लागायचं. ताई एक अक्षर बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. तेव्हापासून वाउटर त्यांच्या खिडकीसमोरून जाताना मफलर गुंडाळायचा, आणि खिडकी ओलांडली की काढायचा.

माझी पाळी एप्रिलमध्ये आली. मी सॉफ्टवेअरवाला, एकटा, घरून काम करणारा. ऑफिस स्वयंपाकघरातच आलं होतं. एका दुपारी कानात हेडफोन घालून, मीटिंग चालू असताना, ओट्यापाशी उभा राहून पातेल्यातूनच नूडल्स खात होतो. खिडकीवर टकटक झाली.

"काय खातोयस?"

"नूडल्स."

"उभ्यानं? पातेल्यातून? आणि अंगात हे काय आहे? खुळ्या, हा शर्ट झोपेतून उठलेला दिसतोय."

अर्ध्या तासाने माझ्या दाराबाहेर एक पिशवी लटकत होती. आत पिकलेले टोमॅटो, ऑलिव्ह तेलाची बाटली, तुळशीच्या इटालियन बहिणीचं, म्हणजे बेसिलचं, एक रोपटं आणि टेबलावर घालायला इस्त्री केलेलं कापड. खिडकीतून सूचना आल्या: टोमॅटो नीट काप. वर मीठ, तेल, दोन पानं. कापड घाल, बस, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव. "आणि पियानो, पियानो!"

मला वाटलं, जेवताना पियानोचं संगीत लावायचं. मी लावलंही. नंतर कळलं, इटालियनमध्ये पियानो म्हणजे सावकाश.

हा शब्द ताई दिवसातून शंभर वेळा वापरायच्या. चहा पिणाऱ्याला, जिना उतरणाऱ्याला, बातम्या बघून घाबरलेल्याला, सगळ्यांना एकच औषध. त्यांच्या सौंदर्यसाधनेचाही पसारा नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "एक साबण, एक तेलाची बाटली, एक लिपस्टिक. बाकीचं सगळं झोपेनं होतं." आंघोळीनंतर ओल्या अंगावरच तेलाचे चार थेंब चोळायचे. दुपारी अर्धा तास पडायचं. ऊन निघालं की हातातलं काम टाकून तोंड उन्हाकडे करायचं. नेदरलँड्समध्ये हा नियम पाळायला फारसे कष्ट पडत नाहीत. आणि घरात कुणी नसलं तरी इस्त्रीचे कपडे घालायचे.

"पण बघतंय कोण, ताई?"

"तू बघतोयस ना आत्ता? समोरच्याला आपल्याकडं बघून जरा बरं वाटावं, एवढी काळजी घ्यायची. त्याला मिरवणं म्हणत नाहीत."

महिनाभरात मी दाढी करायला लागलो. नाशिकहून आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "तोंडावर तेज आलंय रे! कुणी भेटली की काय?"

"भेटली. चौसष्ट वर्षांची आहे."

उन्हाळ्यापर्यंत सहा वाजता आमच्या गॅलरीतली दारं आपोआप उघडायला लागली होती. पलीकडच्या सुरिनामी आजी लाल टोपी घालून दारात खुर्ची टाकायच्या. वाउटरने चक्क जॅकेटला इस्त्री केली. सगळे दीड मीटर अंतर राखून एकमेकांना बघायचे. फारसं बोलणं व्हायचं नाही, पण त्या बघण्याने रात्र सोपी जायची.

मग हिवाळा आला, दुसरी लाट आली, आणि एका संध्याकाळी सहाला ताईंचं दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. मी बेल वाजवली. आतून आवाज आला, "ताप आहे. टेस्ट केली, कोरोना निघाला. तू लांब राहा."

"डॉक्टरांना फोन करू?"

"नको. पियानो."

मी दारापाशी खिचडी ठेवत राहिलो. डबा आत जायचा. पण परत यायचा तेव्हा जेमतेम दोन घास कमी झालेले असायचे. तिसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून मी विचारलं, "खिचडी बिघडली का?" एरवी त्यांनी तांदळापासून ताटापर्यंत माझी शाळा घेतली असती. आतून फक्त धाप ऐकू आली. मी डॉक्टरांना फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, त्यांना एक पूर्ण वाक्य बोलायला सांगा. मी दाराबाहेरून ओरडलो, "ताई, काहीही बोला! मला शिव्या द्या!"

"खुळ्या... तुला... किती वेळा..."

वाक्य पुरं झालं नाही. "अॅम्ब्युलन्स निघतेय," फोनवरची बाई म्हणाली.

ताईंनी आतून कडी काढली. मी तोंडाला मास्क लावला, हातात भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे चढवले आणि आत गेलो. ताई पलंगाच्या काठावर बसल्या होत्या. विटका गाऊन, पांढऱ्याशुभ्र केसांचा गुंता. मी त्यांना पहिल्यांदाच असं बघत होतो, आणि ते त्यांनाही कळत होतं. त्यांनी मान फिरवली.

"अशी... नाही जायची मी."

कंगवा हातात होता, पण हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी कंगवा घेतला. जन्मात कुणाचे केस विंचरले नव्हते. पिवळ्या हातमोज्यांनी एकेक बट धरून गुंता सोडवत गेलो. त्या डोळे मिटून मधूनमधून सांगत होत्या, "खालून... आधी खालून सोडव..." अंबाडा कसाबसा जमला. मी लिपस्टिक शोधायला लागलो, तशी त्यांनी मान हलवली.

"राहू दे. ते तुला... नाही जमायचं."

मी हसलो, आणि मास्कच्या आत नाक वाहायला लागलं.

अॅम्ब्युलन्सची माणसं आली. त्यांनी प्राणवायूची नळी लावली, खुर्चीत बसवलं. त्यांच्यातल्या बाईने वाकून विचारलं, "तुमच्या घरच्या कुणाला कळवायचं?"

ताईंनी डोळे मिटले. बाईला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं. ताईंनी डोळे उघडले, खोलीभर फिरवले आणि माझ्याकडे बोट केलं.

"ह्याला."

"हा तुमचा कोण?"

"नेफ," ताई म्हणाल्या.

डचमध्ये भाचा, पुतण्या, चुलतभाऊ, मामेभाऊ, सगळ्यांना हा एकच शब्द चालतो. त्यांनी त्यातलं मला नेमकं कोण केलं, हे विचारायच्या आत लिफ्टचं दार बंद झालं.

त्यानंतरचे दिवस मी फोन उशाशी घेऊन काढले. भेटायला जायला परवानगी नव्हती. शेवटी एका सकाळी हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. ताप उतरला होता, प्राणवायू कमी करत आणला होता, दोन-चार दिवसांत घरी सोडणार होते.

"रात्री त्या तुमच्याबद्दलच बोलत होत्या," नर्स म्हणाली. "तुमच्या आईची बहीण का त्या?"



"हो," मी म्हणालो. "आईचीच बहीण."

फोन ठेवला आणि लगेच नाशिकला आईला लावला. तिला बहीण झाल्याचं कळवायला हवं होतं.