चार इंच बर्फ आणि तेवीस सत्कार

खेळ खेळला जातो मैदानावर, पण उभा असतो तो व्यासपीठाच्या आधाराने, ही गोष्ट आता सर्वमान्य झालेली आहे. खेळाडू दमतात, पडतात, मोठे होऊन कंपनीत शिफ्टला लागतात. व्यासपीठ मात्र जिथल्या तिथे राहतं. फार तर त्यावरचं कापड धुवायला जातं. म्हणूनच पहिली पेण-रोहा आंतरराष्ट्रीय कनिष्ठ बर्फहॉकी स्पर्धा भरवायची ठरली, तेव्हा संयोजन समितीने पहिल्याच बैठकीत व्यासपीठाची लांबी एकमताने मंजूर केली (चाळीस फूट). बर्फ कुठून आणायचा, हा मुद्दा 'आयत्या वेळचे विषय' यात घेतला गेला.

पेणला बर्फहॉकी आलीच कशी, हे आधी सांगितलेलं बरं, कारण त्यावर नागोठण्याच्या लोकांनी बरीच टिंगल केली आहे. डेव्हिड रोहेकर हे मूळचे रोह्याचे. पन्नास वर्षांपूर्वी त्यांचं घरदार इस्रायलला गेलं. त्यांची नात शीरा तिकडे मुलींच्या बर्फहॉकी संघात खेळते. डेव्हिडकाकांनी समितीला पत्र पाठवलं, की डोळे मिटायच्या आत नातीला आपल्या मुलखात खेळताना बघायचं आहे, हॉकी कसलीही चालेल. समितीने 'कसलीही चालेल' एवढे शब्द वगळून पत्र मंजूर केलं. साध्या हॉकीला साधीच माणसं येतात, हे अनुभवाचे बोल होते.

दोन देश आले की स्पर्धा आंतरराष्ट्रीय होते, त्यामुळे संघही दोनच ठेवले. साखळी फेरी, उपांत्य फेरी आणि अंतिम सामना असं सगळं एकाच सामन्यात उरकायचं ठरलं. मान कोणाचा, यावरून पेण आणि रोहा यांच्यात थोडी बोलाचाली झाली, पण तोडगा समाधानकारक निघाला. सामना पेणला, पाहुण्यांचा मुक्काम रोह्याला आणि हरणाऱ्या संघाचं सांत्वन दोन्हींच्या मधल्या निडीला.

आता आमच्या संघाबद्दल. (समितीच्या इतिवृत्तात हा विषय नवव्या पानावर आहे. मी तो जरा वर घेतला.)

आमची गोलरक्षक मनाली. वय चौदा, राहणार कासू. चाकाच्या स्केटवर ती कासू स्टेशनच्या फलाटावर शिकली. रोहा गाडी गेली की पुढची गाडी येईपर्यंत फलाट रिकामाच असतो, आणि एवढी गुळगुळीत लांबलचक जमीन आमच्या तालुक्यात दुसरी नाही. पायाला बांधायच्या जाड गाद्या तिच्या आईने, सरूने, तांदळाच्या गोणी कापून, आत पेंढा भरून शिवल्या. स्पर्धेचं ठरल्यापासून मनाली एकच म्हणत होती, की जिंकू-हरू काय ते बघू, पण आयुष्यात एकदा खऱ्या बर्फावर शीरासारखीचा एक फटका अडवायचा आहे. एकच. त्यासाठी ती आठ महिने रोज सकाळी भिंतीवर चकती आपटत होती. (चकती म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती काळी रबरी वडी. आमच्याकडे ती प्रथम पाहणाऱ्या तिघांनी ती गॅसच्या शेगडीच्या पायाखालची आहे असं सांगितलं.)

मैदान म्हणून गणपतीच्या कारखान्याची शेड घेतली. माघी गणपती नुकतेच गेलेले, त्यामुळे शेड मोकळी होती. भिंतींना थर्माकोल लावला. बर्फ आला मासळीवाल्यांच्या कारखान्यातून, टेम्पोने. निघताना त्या स्वच्छ, चौकोनी लाद्या होत्या. वडखळ ओलांडल्यावर त्यांचा चुरा झाला होता, जो मैदानावर पसरायला फारच सोयीचा पडला. या कामी रस्त्याचं सहकार्य लाभलं, अशी नोंद समितीने केली आहे. मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांनी मग तो चुरा पाणी मारून, दाबून, फळीने ओढून असा काही सपाट केला, की त्यावर पहाटे सहा वाजता शेडमधल्या बल्बांचं प्रतिबिंब दिसत होतं. मैदानावरच्या रेषा पितांबराच्या पिवळ्या रंगात काढल्या. तो डबा उघडा होता.

तांत्रिक सल्लागार म्हणून ऋतुजा होती. ती धाटावला एका रसायनाच्या कंपनीत काम करते. तिने लेखी कळवलं होतं, की चार इंच बर्फ दुपारी बारापर्यंत टिकेल, सामन्याला एक तास लागेल, तेव्हा नऊला खेळ सुरू करावा. समितीने या टिपणाबद्दल तिचे आभार मानले आणि तिचा सत्कार सोळाव्या क्रमांकावर ठेवला.

सत्कार एकूण तेवीस होते. त्यांत बर्फ देणारे, बर्फ आणणारे, बर्फ आणताना टेम्पोमागे मोटारसायकलवर असलेले, शाली पुरवणारे, मागच्या वर्षीच्या सत्कारात नाव राहून गेल्यामुळे रुसलेले (चार), आणि सत्कार करून दमलेले सत्कारकर्ते असे सर्व स्तरांतले लोक होते. खेळाडूंचा सत्कार सामन्यानंतर ठेवला होता, कारण सामन्याआधी त्यांनी काही केलेलं नसतं.

हिशोब सरळ होता. एका सत्कारामागे साधारण दीड सूत बर्फ जातो (आठ सुतांचा एक इंच). दोन शब्द बोलायला सांगितलं तर तीन सूत. दहा वाजता बर्फ दोन इंचांवर आला होता आणि आम्ही अकराव्या सत्कारावर. अकरावा सत्कार डेव्हिडकाकांचा. त्यांच्या गळ्यात शाल पडली, तशी ती दोन्ही हातांनी काढत ते ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "अरे बाबांनो, मी शाल घ्यायला आलो नाय. माजी नात खेळताना बघायला आलोय."

या भावपूर्ण उद्गारांना सभागृहाने टाळ्यांनी दाद दिली, आणि अध्यक्षांनी गहिवरून त्यांना आणखी एक शाल घातली.

मनाली सात वाजल्यापासून गोलच्या जाळीपाशी उभी होती. समोर दुसऱ्या टोकाला शीरा काठी धरून उभी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण मधूनमधून दोघी एकदमच व्यासपीठाकडे बघत आणि एकदमच मान खाली घालत. एवढ्यावर त्यांची मैत्री झाली होती. सरूने लेकीला म्हटलं, "बस गो जरा."

"बसले तर उठता येनार नाय, आये. पेंढा भिजलाय."

सरू मग समितीकडे आली आणि पोरगी कधीची ताटकळलीय, तिला खेळू द्या, असं तिने हात जोडून सांगितलं. तिला अर्ज करायला सांगण्यात आलं. अर्ज आवक क्रमांकासह स्वीकारला. उत्तर यथावकाश मिळेल.

साडेदहाला बर्फ घामेजायला लागला, तेव्हा पोपटशेठ पुढे झाले. पोपटशेठांची मिठागरं आहेत आणि बर्फरक्षण उपसमितीचे ते अध्यक्ष होते. त्यांनी आईस्क्रीमच्या लाकडी पॉटचं उदाहरण दिलं. हाताने फिरवायच्या पॉटमध्ये बर्फाभोवती मीठ टाकतात की नाही? कशासाठी? गार राहायला. पेणमधल्या प्रत्येकाने लहानपणी तो पॉट फिरवलेला असल्यामुळे ठराव टाळ्यांच्या कडकडाटात संमत झाला. ऋतुजा काहीतरी ओरडत होती, पण तिचा क्रमांक सोळावा असल्यामुळे तिला ध्वनिक्षेपक देता येत नव्हता. अकरा गोणी जाडं मीठ मैदानावर समप्रमाणात पसरण्यात आलं.

शास्त्राच्या दृष्टीने पोपटशेठ बरोबरच होते. तासाभरात मैदानावर जे पाणी झालं, ते अत्यंत गार होतं.

फक्त एके जागी बर्फ शिल्लक राहिला. व्यासपीठ मनालीच्या गोलला लागून होतं, आणि व्यासपीठासमोर विशेष निमंत्रितांच्या खुर्च्यांची रांग थेट बर्फावरच, गोणपाटावर मांडलेली होती. त्यांच्यासाठी चार कूलर लावले होते. पाहुण्यांच्या कपड्यांवर खडे उडू नयेत म्हणून तेवढ्या भागात मीठही टाकलं नव्हतं. त्यामुळे दोन सतरंज्या मावतील एवढा पट्टा शाबूत होता, आणि त्यावर अठरा विशेष निमंत्रित बसलेले होते.

आता दिनानाथबुवांचं आशीर्वचन. बुवांचं एकही कीर्तन मी आजवर चुकवलेलं नाही. त्यांचा नुसता पूर्वरंगच दीड तास चालतो, आणि मग आख्यान लावलं की झांजांच्या नादात माणसाला घरी गॅस चालू राहिल्याचंसुद्धा आठवत नाही. समितीने त्यांना अडीच तास दिले होते. मी पुढे जाऊन मांडी घालून बसलो. बुवा उभे राहिले. डोळे मिटून हात जोडले. मग डोळे उघडले, ते नेमके मनालीवर.

"पूर्वरंग झालाय," बुवा म्हणाले. "पोरगी उभी आहे. उत्तररंग तिला करू द्या." आणि बसले.

एवढंच.  'बुवा, निदान एक अभंग तरी' अशी मागणी करणारा आवाज माझाच होता, हे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी झांज चुकून बेताल वाजवल्यासारखा ओशाळलो. समितीने मात्र प्रसंगावधान राखलं. बुवांचे उरलेले दोन तास अठ्ठावीस मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून ती पाच वक्त्यांत समान वाटून दिली.

आभारप्रदर्शन चालू असताना शेडच्या मागून कोणीतरी येऊन सांगितलं, की पानं मांडली.

इथे आमच्या गावाच्या शिस्तीबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत. चाळीस फुटी व्यासपीठ, अठरा विशेष निमंत्रित, दोन्ही संघांतले बाकीचे खेळाडू आणि सहाशे प्रेक्षक, कुठेही चेंगराचेंगरी न होता, पन्नास सेकंदांत बाहेर पडले. जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, पेणचे पापड, मठ्ठा आणि जिलबी होती. बिरड्याला ओला नारळ सढळ हाताने घातला होता आणि वाल एकही फुटलेला नव्हता. जिलबी दोनदा फिरली.

शेडमध्ये मागे राहिली ती सहा माणसं. डेव्हिडकाका, बुवा, सरू, ऋतुजा आणि त्या दोन मुली. त्यांनी खुर्च्या उचलल्या, गोणपाट काढलं आणि त्या दोन सतरंज्यांएवढ्या बर्फावर मनाली उभी राहिली, असं ऋतुजाच्या नंतरच्या, फक्त बर्फापुरत्या टिपणात आहे. शीराने पलीकडून, घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्याच्या काठावरून नेम धरला. बर्फ आणखी फार तर दोन मिनिटांचा सोबती होता. एका फटक्यापुरता.

पंगतीत आम्हाला ठक् असा आवाज ऐकू आला.  मग बुवांनी गजर सुरू केला, आणि डेव्हिडकाकांचा टाळ्या वाजवत साथ देणारा आवाज आला. पण त्यावरून काहीच ठरत नाही. फटका अडला असता तरी बुवांनी गजर केलाच असता, आणि आत गेला असता तरीही. पोरींच्या बाबतीत त्यांचा तसाच स्वभाव आहे.

स्पर्धेचा अहवाल छापून आला आहे. चौसष्ट पानं, रंगीत. तेवीसही सत्कारमूर्तींची छायाचित्रं आहेत. मनालीने तो फटका अडवला का, ते त्यात नाही, कारण समितीला ठाऊक नाही. समितीला ठाऊक नाही, कारण मनालीला कोणी विचारलं नाही. ती रोज शाळेत जाते-येते. मी पंगतीत होतो, मला काय माहीत असणार.

आणि आता तुम्ही मान हलवताय, की आम्ही असतो तर थांबलो असतो. तसं म्हणू नका. अहवालाच्या एकसष्टाव्या पानावर पंगतीचा फोटो आहे. माझ्या डाव्या हाताला तुम्हीच बसलेले आहात. मागे शेडमध्ये गजर चाललाय, आणि तुम्ही वाढप्याचा हात धरून त्याला सांगताय, बिरडं वरचं नको, जरा खालून घाल.