भाऊरावांचा खिळा

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात जिमखान्याच्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता, आणि भाऊराव तो रोज सकाळी फडक्यानं पुसत. त्यावर काही टांगण्याची कुणाची छाती नव्हती. नवे प्रिन्सिपॉल आले त्या दिवशी त्यांनी बेसावधपणे आपली छत्री तिथं अडकवली. भाऊरावांनी ती अदबीनं काढली आणि मीटिंग संपेपर्यंत तासभर हातात धरून उभे राहिले.

"अहो, टांगा ना ती!" प्रिन्सिपॉल वैतागले.

"तिथं ढाल लागनार हाय, साहेब."

ही ढाल म्हणजे जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या सामन्यांतली. सगळ्या खेळांचे गुण मिळून ज्यांचे जास्त, त्यांना ती पितळी ढाल वर्षभर मिळे. गेली कित्येक वर्षं ती स्टेशनापलीकडच्या कॉलेजात ठाण मांडून बसली होती. भाऊराव त्या कॉलेजाचं नाव घेत नसत. "पल्याडचे" एवढंच म्हणत.

भाऊराव जिमखान्याचे शिपाई. मैदान आखणं, फुटबॉलात हवा भरणं ही त्यांची कामं. क्रीडाप्रमुख म्हणून फळ्यावर नाव माझं होतं. पण मी गणिताचा माणूस, धावलो असेन तर फक्त टांग्यामागं. खरं खातं भाऊरावच चालवीत. मैदानाला लागून असलेल्या खोलीत ते एकटेच राहत. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. दरवर्षी सामन्यांआधी मला गाठून ते म्हणत, "यंदा ढाल आपली, आयकून ठेवजा, सर." मी नुसता हसायचो.

स्पर्धेचा एक नियम भाऊरावांनी जपमाळेसारखा धरला होता. खेळात उतरून तो पूर्ण केला, की शेवटच्यालाही एक गुण मिळे. झालं! एकही खेळ रिकामा सोडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. संस्कृत घेतलेल्या जोश्याला त्यांनी गोळाफेकीत उभं केलं. त्याचा गोळा त्याच्याच पायांपुढं पडला. भाऊरावांनी धावत जाऊन त्याला मिठी मारली. "पडला ना पुढं? मंग गुन आला!" वडनेरच्या एका काटकुळ्या पोराला कुस्तीत ढकलताना त्यांचा उपदेश होता, "चित झाला तरी चालते, गड्या. पन आखाडा सोडून पळू नोको." पोरगं अर्ध्या मिनिटात चित झालं आणि भाऊरावांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. पल्याडचे हसून बेजार झाले.

त्या वर्षी मात्र त्यांचं हसू आटलं. असा एकेक गुण वेचत शेवटच्या सकाळी आम्ही चक्क त्यांच्या बरोबरीला आलो. उरली होती पाच मैलांची दौड, बोरगाव मेघेपर्यंत जाऊन परत. त्यांच्या धावणाऱ्याचा पाय आदल्या दिवशीच मुरगळला होता. आमच्या उईकेनं दौड नुसती पुरी केली तरी ढाल आमची. नाही केली, तर बरोबरी. आणि बरोबरीत ढाल जुन्या विजेत्यांकडेच राहायची. ज्याचं नाव आधी दिलं त्यालाच धावता येई, म्हणून दुसरं कुणी उतरवण्याची सोय नव्हती.

उईके आला तोच कुडकुडत. छातीवर सात नंबरचं फडकं लावलेलं, डोळे लाल. भाऊरावांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि पटकन मागं घेतला.

"हिवताप हाय याले. हा नाई पळत."

"मी चालत जातो ना, भाऊराव," उईके म्हणाला. "पाच मैल काईच नाई मले."

प्रिन्सिपॉलही म्हणाले, "हळूहळू जाऊ दे की. पोचला तरी पुरे."

खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. इतक्या वर्षांनी ढाल हाताशी आलेली! मी भाऊरावांकडं पाहिलं. हा माणूस आता मोडेल, अशी माझी खात्री होती.

भाऊरावांनी उईकेच्या छातीवरच्या टाचण्या काढल्या. नंबरचं फडकं घडी करून स्वतःच्या खिशात घातलं आणि खिशावर हात ठेवून उभे राहिले. "नंबर नाई तं पळता येत नाई, साहेब. नियम हाय." मग उईकेला दटावलं, "चाल, खोलीत चाल. तिकडं तुही माय वाट पाहून राह्यली असंल. तिले मी ढाल दाखवू काय?"

ढाल पल्याडच्यांकडेच राहिली. त्यांचा बँड आमच्या फाटकावरून मुद्दाम वाजत गेला.

दिवस कलताना मी भाऊरावांच्या खोलीवर गेलो. उईके तिथं नव्हता. ऊन येतं म्हणून त्यांनी आपली खाटच जिमखान्यात हलवली होती. तिच्यावर तो घामानं निथळत शांत झोपला होता. ताप उतरला होता. भाऊराव उशाशी स्टुलावर बसले होते, हातात पाण्याचा गडवा.

आणि त्या खिळ्यावर एक ओलं फडकं वाळत होतं. कपाळावर दिवसभर ठेवलेलं, शाई ओघळलेलं, सात नंबरचं.

मी तिकडं पाहतोय हे भाऊरावांनी ओळखलं आणि ते ओशाळले.

"तिथं हवा लागते, सर. लवकर वाळते." उईकेची झोप मोडू नये अशा बेतानं ते म्हणाले, "पुढच्या साली ढाल आपली. आयकून ठेवजा."

"ठेवलं, भाऊराव," मी म्हणालो.