तीन प्राध्यापक आणि मेंढीचं एक डोकं

राईखानबाईंच्या हातात ही एवढी मोठी परात, परातीत बेशबर्माकचा, म्हणजे रुंद शेवया आणि उकडलेल्या मटणाचा, वाफाळता ढीग, ढिगावर मेंढीचं उकडलेलं डोकं, आणि टेबलाशी बसलेले तीन प्राध्यापक छताकडे बघतायत. आपलं तिकडे लक्षच नाही असं दाखवत.

झालं होतं काय, त्या वर्षी देशातल्या नावाजलेल्या संशोधकांची यादी जाहीर झाली आणि तराझ शहरातल्या या विद्यापीठातले एकदम तिघं त्यात निघाले. तिघंही राईखानबाईंच्याच विद्याशाखेतले, आणि बाई डीन. ओराझसर गणिताचे, कालव्यातलं पाणी कसं वाहतं त्याची समीकरणं मांडणारे. तुर्सिनसर हिमनद्यांवर चढून बर्फ मोजणारे. आणि कुल्याशबाई खारवलेल्या जमिनीतलं मीठ शोधणाऱ्या. म्हणजे बघा, एकाचं पाणी, एकाचा बर्फ, एकीची माती. एकत्र बसले असते तर अख्ख्या जिल्ह्याचं भलं झालं असतं. पण एकत्र बसायचं सोडाच, तिघं एका लिफ्टमध्ये चढत नव्हते.

आणि कुलगुरूंनी नेमकं तेच मागितलेलं. "नव्या इमारतीचा वरचा मजला पाणी संशोधन केंद्राला देतो," ते राईखानबाईंना म्हणाले होते, "पण तिघांनी सत्काराच्या मेजवानीत माझ्यासमोर एकत्र काम करू म्हणायचं. नाहीतर मजला कुस्तीवाल्यांना. ते केव्हाचे मागे लागलेत."

बाई त्या मजल्यासाठी चार वर्षं झटत होत्या. आणि आता सगळं येऊन अडलं ते डोक्यावर. कारण डोकं मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात, त्याच्याकडे नाक करून. ज्याच्याकडे नाक तो पहिला, बाकीचे मागून. मेंढीला डोकं एकच. आदल्या दिवशी बाईंनी खानसाम्याला विचारूनसुद्धा बघितलं होतं, तीन डोकी ठेवली तर? तो म्हणाला, "बाई, तीन डोकी एका परातीत बघून पाहुणे जेवतील की पळतील?"

मग बाईंनी सरळ वयाचा हिशोब धरला. वयाला कोण नाही म्हणणार? ओराझसर सदुसष्टचे, सगळ्यात थोरले. बाईंनी परात ठेवली, नाक ओराझसरांकडे.

तुर्सिनसरांचा चेहरा पडला, पण त्यांनी जेवायला बाह्या वर सारल्या. कुल्याशबाईंनी नुसता मांडीवरचा रुमाल सारखा केला. जमलं म्हणायचं, असं बाईंना वाटलं तेवढ्यात ओराझसर खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "मला नाही चालणार."

"का हो सर?"

"वडील आहेत माझे."

सगळ्या माना ओराझसरांकडे वळल्या. बाप हयात असताना मुलानं डोकं घ्यायचं नसतं, हे तर शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पण सदुसष्ट वर्षांच्या माणसाला वडील असतील हे कुणाच्या डोक्यात येणार?

"कधी बोलला नाहीत," कुलगुरू म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. ब्याण्णवचे आहेत. माझ्याच घरी असतात आणि मलाच ओरडतात."

बाईंनी घाम पुसला आणि परात फिरवली. नाक तुर्सिनसरांकडे.

"म्हणजे यांना नको म्हणून मला?" तुर्सिनसर म्हणाले. "मी पाच हजार मीटरवर तंबू ठोकून राहिलोय, राईखान. उरलेला मान घ्यायला नाही."

"उरलेला कसला सर, अजून कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"नाक आधी कुणीकडे होतं ते सगळ्यांनी बघितलंय."

परात पुन्हा फिरली. कुल्याशबाईंनी नाकाकडे बघितलं, मग राईखानबाईंकडे.

"दोघांनी नाकारलेलं आता बाईच्या गळ्यात?"

"कुल्याशबाई, तुम्ही तरी."

"आधी माझ्याकडे वळवलं असतंस तर घेतलं असतं. आणि या दोघांची तोंडं बघत खाल्लं असतं."

तोवर रश्शावर चरबीचा थर धरायला लागलेला. डोकं कुणी घेतल्याशिवाय कुणी घास उचलत नाही, त्यामुळे चाळीस माणसं हात धुऊन बसलेली. कुलगुरू शेजारच्याला हळूच म्हणाले, "कुस्तीवाले निदान जेवतात तरी."

हे बाईंनी ऐकलं आणि त्या उठल्याच. ओराझसरांचं घर रस्त्यापलीकडे. टाचांचे बूट हातात घेऊन डीनबाई मोज्यांवर पळाल्या. बैमुरातआजोबा टीव्हीवर घोड्यांची शर्यत बघत होते.

"आजोबा, चला, मान घ्यायचाय."

"शर्यत संपू दे."

"मेंढीचं डोकं आहे, आजोबा."

"आधी सांगायचं नाही का," म्हणत आजोबा उठले, आणि घरातल्या लोकरी बुटांतच, पायजम्यावर कोट चढवून निघाले.

आजोबा आले, मधल्या जागी बसले, दुवा मागितली, सुरी घेतली. हॉलभर सुटकेचा श्वास. आजोबांनी एक कान कापला आणि ओराझसरांपुढे धरला.

"बाबा, कान लहान पोरांना देतात."

"मग? मोठ्यांचं ऐकावं म्हणून देतात. तू ऐकतोस?"

ओराझसरांनी मुकाट्यानं खाल्ला. दुसरा कान तुर्सिनसरांना. पाच हजार मीटरवाले तुर्सिनसर दोन्ही हात पुढे करून उभे राहिले, शाळेतल्यासारखे. कुल्याशबाईंना टाळूची कातडी मिळाली.

"आजोबा, ही मुलींना देतात, हाताला कला यावी म्हणून. मी अठ्ठावन्नची आहे."

"मग उशीर झालाय. पटकन खा."

सगळे हसले, कुल्याशबाईसुद्धा. कुलगुरूंनी तेवढ्यात विचारून टाकलं, "मग काय, तिघं एकत्र काम करणार?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. "करू की," तुर्सिनसर म्हणाले. "पण प्रमुख कोण?"

राईखानबाईंनी डोळे मिटून घेतले. गेला मजला.

"हे दोघं असतील तर मी नाही," कुल्याशबाई म्हणाल्या.

"मी तर मुळीच नाही," ओराझसर म्हणाले, "वडील असताना." आणि बोलता बोलता थांबले. तिघांनी एकाच वेळी आजोबांकडे बघितलं. आजोबा मेंढीचा डोळा चघळत होते.

"मला बसायला खुर्ची मऊ पाहिजे," ते म्हणाले.

आता त्या मजल्यावर दर सोमवारी बैठक असते. आजोबा मानाच्या जागी मऊ खुर्चीत बसतात, चहा पितात आणि लगेच झोपतात. झोपमोड केली तर तिघांनाही ओरडतात, म्हणून तिघं कुजबुजत बोलतात. आणि कुजबुजत भांडता येत नाही, हे आजवर तिघांनाही माहीत नव्हतं. कालव्याचं पहिलं काम वेळेआधी पुरं झालं. राईखानबाईंनी फक्त एक नियम घातलाय, सोमवारी आजोबांच्या चहात पत्ती कमी टाकायची.