‘श्री. व सौ.’मधला ‘व’

टोकियोतल्या फुनाबोरीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी चुकीच्या दिवशी कचरा ठेवला, की शिधयेकाका थेट व्हेनेझुएलाच्या एका जुन्या अध्यक्षांना मध्ये आणत. "अहो, दुसरं महायुद्ध चालू होतं, आणि त्या माणसानं राजकीय पक्षांवरची बंदी उठवली! तुम्हाला प्लास्टिक प्लास्टिकच्या दिवशी ठेवता येत नाही?" ऐकणारा तेलुगू असला तरी प्रश्न मराठीतच.

काका मेनफ्रेमवाले, म्हणजे जुन्या अवाढव्य कॉम्प्युटरांवरचे. तेव्हा टोकियोत ‘जावा’ ही नवी कॉम्प्युटर-भाषा शिकलेली पोरंसोरं धडाधड उतरत होती, त्यांच्यात पन्नाशीचे हे एकटेच. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना त्या युद्धकाळातल्या अध्यक्षांचं चरित्र मिळालं, आणि ते ‘आमचे अध्यक्ष’ झाले. लष्करातला माणूस, पण कामगारांना विमा दिला, नगरपालिकेच्या निवडणुकीत बायकांना मताचा हक्क दिला! आमटीत मीठ कमी पडलं तरी काकांना हे आठवे.

आम्ही बायका हसायचो. मग गणपती मंडळाची निवडणूक आली आणि मी सेक्रेटरीपदाला उभी राहिले. नियम मात्र ‘एका घराला एक मत’. यादीत आम्ही ‘श्री. व सौ. गोखले’, त्यात मत श्रींचं आणि मोदक सौ.चे. आमचे श्री म्हणाले, "अगं, मी देतो ना तुला मत. तुझं वेगळं कशाला?" असा संताप आला मला!

सभेत काका उठले. "हा ‘श्री. व सौ.’मधला ‘व’ काढा. माणशी एक मत. आमच्या अध्यक्षांनी..."

मंडळाचे प्रमुख साठे वैतागले. "काका, पुढच्या आठवड्यात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. ऑफिसात अक्षरशः युद्ध चालू आहे. हे पुढच्या वर्षी बघू."

काकांसमोर ‘युद्ध’ म्हणायचं नसतं, हे साठ्यांना ठाऊक नव्हतं.

"युद्ध चालू असतानाच केलं त्यानं!" काका असे गरजले, की हॉलचा जपानी रखवालदार तोंडावर बोट ठेवून धावत आला. त्या शांततेत आमच्या बायकांतली अबोल वैशाली म्हणाली, "नाहीतर यंदा मोदक साठे-सान वळतील."

भराभर हात वर झाले. ‘व’ गेला, चिठ्ठ्या पडल्या आणि मी दणदणीत निवडून आले! आमच्या श्रींनी मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. मतदान गुप्त होतं.

पेढे द्यायला काकांना शोधलं, तर ते बाहेर सायकलींपाशी फोनवर. काकू पहिल्याच हिवाळ्यात पुण्याला माहेरी परत गेल्या होत्या. त्यांना थंडी सोसत नाही, असं काका सांगत.

"सुमन, आज इथं बायकांना मत मिळालं," ते म्हणत होते. "आपलं घर विकून इकडे यायचं मी एकट्यानं ठरवलं. तुला विचारलंच नाही."

मी पेढे घेऊन परत फिरणार, तेवढ्यात पुढचं कानावर आलं.

"गणपतीला येशील का? नाही गं, तिकीट नाही काढलेलं. ठरवत नाहीये. विचारतोय."