स्टेंटची पात्रता

जळगावातल्या एका वसाहतीच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्तांचं मंडळ होतं, आणि मंडळात मान स्टेंटवर ठरत असे. हृदयाच्या अरुंद रक्तवाहिनीत ती जाळीची नळी बसवून आलेल्या सभासदाला अध्यक्ष नवलभाऊ शाल-नारळ देत आणि तो सावलीतल्या बाकावर बसण्यास पात्र ठरे. बाकीच्यांनी उन्हात उभं राहून हकिकत ऐकायची. नासीरभाईंना दोन स्टेंट होते. ते बोलू लागले की नवलभाऊसुद्धा गप्प बसत.

भूपेंद्र आबा उन्हात उभे असत. सरकारी कचेरीत अधीक्षक म्हणून सारी नोकरी पंख्याखाली काढलेल्या माणसाला हे फार झोंबे. त्यांच्याकडे रक्तदाब मात्र रग्गड होता, कुठल्याच गोळीला दाद न देणारा. शेवटी ते धुळ्याला गेले. जळगावात डॉक्टरांची वानवा नव्हती, पण परगावी सापडलेल्या आजाराला जरा वजन असतं.

धुळ्याच्या मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. संघमित्रा यांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, “आबा, तुमच्या उजव्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी आतून चरबी साचून अरुंद झालीय. रक्त कमी पोचतं, म्हणून त्या मूत्रपिंडाला वाटतं, सगळ्या शरीरातच दाब कमी पडलाय. मग ते दाब वाढवायला लावतं.”

“म्हणजे खालच्या कचेरीनं चुकीचा अहवाल पाठवला आणि वरिष्ठांनी शहानिशा न करता आदेश काढला.”

“अगदी तसंच.”

आपलं शरीर आतूनही शासकीय पद्धतीनं चालतं हे ऐकून आबांना भरून आलं. “मग स्टेंट कधी टाकता?”

“सध्या गरज नाही. बहुतेकांना औषधं पुरतात. गोळ्या बदलून देते. मीठ कमी, तंबाखू बंद, तपासणीला वेळेवर या. एवढं करूनही दाब हाताबाहेर गेला, किंवा मूत्रपिंडाचं काम खालावू लागलं, तर स्टेंटचा विचार करू.”

बाईंनी इशारा दिला होता. आबांनी तो पात्रतेचे निकष म्हणून ऐकला.

मंडळात आल्याआल्या त्यांनी रीतसर दावा मांडला. विशेष सभा बसली. मूत्रपिंडाची धमनी ही धमनी आहे काय, यावर नासीरभाई तावातावानं विरोधात बोलले. अखेर ठराव झाला: सदर धमनी तत्त्वतः ग्राह्य धरण्यात येत आहे, मात्र गोळ्यांना उपचार समजण्यात येऊ नये.

“स्टेंट टाकून या आबा, शाल तयार आहे,” नवलभाऊ म्हणाले.

आणि इथेच घात झाला. नव्या गोळ्या लागू पडल्या. दाब महिन्याभरात उतरला आणि आबा हवालदिल झाले. या गतीनं बाक जन्मात मिळणार नव्हता. त्यांनी गोळ्या खाणं थांबवलं. जेवणात पापड, लोणचं आणि वरून मीठ सुरू केलं. तपासणीलाही जाईनात, कारण बाई पुन्हा दाब उतरवतील ही धास्ती. डोकं ठणकलं की ते प्रसन्न दिसत.

आबांच्या पत्नी लिलाबाईंना कपाटात गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली, तेव्हा त्या कडाडल्या, “डोकं फिरनं का तुमनं? गोया कसाले खातस नई?”

“तुला नाही कळायचं. निकष पूर्ण करतोय.”

“काय निकष? तुमले काही व्हयनं तर मी काय करू?” त्यांचा आवाज चिरकला. आबांनी पेपर तोंडापुढे धरला.

वर्ष सरलं. आबांचे पाय सुजले, चव गेली, आणि एके दुपारी जिना चढताना छातीत श्वास अडकला. त्यांना तातडीनं धुळ्याला हलवलं. धाप जरा बसताच ते डॉक्टरबाईंना म्हणाले, “दाब हाताबाहेर आहे. कामही खालावलं असणार. दोन्ही अटी पूर्ण. टाका आता.”

डॉ. संघमित्रा यांनी नव्या तपासण्यांचे कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाल्या, “उजवं मूत्रपिंड सुकून लहान झालंय आबा. त्याची वाट आता मोकळी करून उपयोग नाही. डावं चांगलं होतं, तेही इतके दिवस हा दाब सोसून निकामी झालंय. डायलिसिस सुरू करावं लागेल.”

“आणि स्टेंट?”

“नाही. त्याची वेळ गेली.”

आबांना तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. लिलाबाई भिंतीला टेकून मुकाट रडत होत्या. आबांनी त्यांच्याकडे हात पुढे केला. त्यांनी तो धरला.

मंडळानं तातडीची सभा घेऊन डायलिसिसला स्टेंटहून वरचा दर्जा दिला. आबा आता दिवसाआड रुग्णालयात मशीनला जोडलेले असतात आणि उरलेला वेळ अंथरुणात, त्यामुळे नवलभाऊ घरी येऊन त्यांच्या अंगावर शाल घालून गेले.

माणसं मूर्ख असतात असं म्हणून तुम्ही मान हलवाल. खुशाल हलवा. पण परवा तुमचा शेजारी सांगत होता की त्याचा दाब गोळ्यांवर आटोक्यात आहे, डॉक्टर समाधानी आहेत, ऑपरेशन वगैरे लागणार नाही. तेव्हा तुम्ही घड्याळाकडे पाहत काय म्हणालात, आठवतं? “हात्तिच्या, मग विशेष काही नाही!”